हसण्याची माफी मागू नका

अल हैलमध्ये एका ओळखीच्या घरी शुक्रवारी दुपारी जेवायला आम्ही दहा-बारा मराठी माणसं जमलो होतो. मसालेभात, मठ्ठा, जिलबी. जेवणं झाल्यावर मोठे दिवाणखान्यात पसरले आणि पोरं आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने आतून हसण्याचा असा गलका आला की आमची गप्पांची गाडीच थांबली. यजमानांच्या स्नेह्यांपैकी एक काका उठून दाराशी गेले. "काय चाललंय रे?" तेरा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "काही नाही." तिच्या धाकट्या भावाने लगेच भांडं फोडलं : "आवेशम!"

मल्याळम सिनेमा. शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी तिने एकदा पाहिला होता आणि आता बाकीच्यांना दाखवत होती.

काका म्हणाले, "मंडळाने मराठी सिनेमा लावला की तुमच्या परीक्षा असतात. आणि गुंडांची ही मारामारी बघायला बरा वेळ मिळतो. तीही दुसऱ्यांच्या भाषेत!" मुलीने मान खाली घातली. "सॉरी काका," म्हणाली आणि टीव्ही बंद झाला.

हा लेख त्या 'सॉरी'च्या विरोधात आहे. आणि आधी माझीच चूक कबूल करते : मी तिथेच सोफ्यावर बसले होते, तो सिनेमा मी थिएटरात दोनदा पाहिला होता, आणि मी चकार शब्द काढला नाही.

का नाही काढला? कारण तुमच्यासारखीच मीही त्याच शिकवणीत वाढले. परभाषेतला सिनेमा बघायचा तर तो जड असला पाहिजे. कुरोसावा चालतो, बर्गमन चालतो, किआरोस्तामी तर फारच चालतो. फिल्म सोसायटीच्या लाकडी खुर्चीवर बसून सबटायटल वाचणारा माणूस आपल्याकडे सुसंस्कृत ठरतो. त्याने जपानी सिनेमा पाहिला म्हणून मराठी बुडाली, असं कोणी म्हणत नाही. पण तोच माणूस सबटायटल वाचत खो खो हसला, नायकाने तिघांना एका फटक्यात लोळवल्यावर खुर्चीतून उठला, तर तो उथळ, भाषाद्रोही, पोरांना बिघडवणारा. पीएचडी करत असताना मला कोणी विचारलं की मी "इराणी सिनेमे बघते" असं सांगत असे. प्रत्यक्षात थकल्या रात्री मी जॅकी चॅन बघत होते. परभाषेतलं दुःख आपल्याला चालतं, परभाषेतली मजा चालत नाही. हा भाषेचा अभिमान नव्हे. मजेबद्दलचा जुना संशय आपण भाषेच्या नावावर खपवतो आहोत.

'आवेशम' ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एप्रिल २०२४ मध्ये ईदच्या सुमारास तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जितू माधवन, मुख्य भूमिकेत फहाद फासिल. केरळातली तीन पोरं इंजिनिअरिंगला बंगळुरूत येतात, वरच्या वर्गातली मुलं त्यांचं भयंकर रॅगिंग करतात, आणि सूड घ्यायला ही पोरं एक स्थानिक गुंड शोधू लागतात. त्यांना भेटतो रंगा : पांढरे कपडे, अंगभर सोनं, जाड मिशी, आणि लहान मुलासारखा मैत्रीला भुकेलेला. तो बराच वेळ स्वतः हातच उचलत नाही. त्याच्या पराक्रमाच्या कथा त्याचा माणूस अंबान सांगत राहतो आणि हा गुंड खरा की नुसती हवा, असा प्रश्न पोरांना आणि आपल्याला पडतो. मग एका क्षणी उत्तर मिळतं आणि खुर्चीत बसलेला माणूस चमकतो.

रंगाची भाषाही मजेची आहे. मल्याळमचं आणि कन्नडचं त्यात बेमालूम मिश्रण असतं. बेळगाव-निपाणीकडचे तुमचे कोणी नातेवाईक असतील तर हे काय रसायन असतं ते तुम्हाला सांगायला नको. एका वाक्यात दोन भाषा आणि दोन्हींवर हक्क. मला दोन्ही येत नाहीत, तरी तो माणूस मला ओळखीचा वाटला, कारण तसा एक मामा आमच्याही घरात आहे.

आता थिएटरातली गोष्ट ऐका. मस्कतमधल्या त्या खेळाला हशा तीन लाटांत येत होता. पहिली लाट मल्याळी प्रेक्षकांची, संवाद तोंडातून निघता निघता. दुसरी आमच्यासारख्यांची, खालची इंग्रजी ओळ वाचून झाल्यावर, अर्ध्या सेकंदाने. तिसरी मागच्या रांगेतल्या ओमानी तरुणांची, अरबी ओळ वाचून. काही विनोद दुसऱ्या लाटेपर्यंत पोचलेच नाहीत. पहिले हसत होते आणि आम्ही एकमेकांकडे बघत होतो. पण रंगा आपल्या गुंडांबरोबर डम्ब शराड्स खेळतो त्या प्रसंगाला तिन्ही लाटा एकदम आल्या. आणि मारामारीला लाटा नव्हत्याच, सगळं थिएटर एक होतं.

मारधाडीचा विनोदी सिनेमा भाषेची हद्द कशी ओलांडतो, त्याचं उत्तर इथे आहे. शाब्दिक विनोद भाषेला सर्वात घट्ट चिकटलेला असतो. कोटीचं भाषांतर करायला गेलं की ती मरते. शरीराचा विनोद मात्र भाषेच्या आधीचा आहे. भीती, पळापळ, तोल जाणं, मार खाणं, आणि मार खाऊन पुन्हा उभं राहणं याला सबटायटल लागत नाही. हॅरॉल्ड लॉइड १९२३ साली 'सेफ्टी लास्ट' या मूकपटात इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळला. साठ वर्षांनी, १९८३ मध्ये, हाँगकाँगच्या जॅकी चॅनने 'प्रोजेक्ट ए'मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यावरून स्वतःला खाली सोडलं. बस्टर कीटनकडून आपण शिकलो हे चॅन मोकळेपणाने सांगत आला आहे. अमेरिकन मूकपटातली मजा कँटोनीज सिनेमात गेली आणि तिथून हिंदी डबिंगच्या वाटेने केबलवरून आपल्या घरात आली. तिला वाटेत कोणी पासपोर्ट विचारला नाही.

इथे मला काकांकडे वळायचं आहे. माणूस वाईट नाही. आमच्या गणपतीत आरतीनंतर दर वर्षी त्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो : 'धूमधडाका'मधल्या अशोक सराफांची ती पाइप ओढत खोकण्याची लकब ते हुबेहूब करून दाखवतात आणि आम्ही सगळे हसून लोळतो. 'धूमधडाका' १९८५ चा, महेश कोठाऱ्यांचा. आणि त्याची गोष्ट कुठली? 'कादलिक्क नेरमिल्लै' या १९६४ च्या तामिळ चित्रपटाची. म्हणजे मल्याळम सिनेमाला हसणाऱ्या पोरीला दटावणारे काका गेली कित्येक वर्षं गणपतीसमोर एका मूळच्या तामिळ विनोदी चित्रपटाचा प्रसाद वाटत आहेत.

'दे दणादण' आठवतोय? १९८७. लक्ष्मीकांत बेर्डेंचा हवालदार, अंगात अफाट शक्ती, पण लाल रंग दिसला की सगळी शक्ती गुल. १९८० साली सर्जिओ कॉर्बुची या इटालियन दिग्दर्शकाने 'सुपर फझ' नावाचा चित्रपट केला होता. त्यात टेरेन्स हिल पोलिस आहे, अंगात अफाट शक्ती आहे, आणि लाल रंग दिसला की ती जाते. तिथे शक्ती अणुस्फोटातून येते, आपल्याकडे मारुतीरायाच्या कृपेने. हा एवढा फरक मला फार आवडतो. एका मराठी माणसाने परक्या देशातला मारधाडीचा विनोदी सिनेमा पाहिला, तो पोट धरून हसला असणार, आणि मग त्याने विचार केला की हे आपल्या लक्ष्याने केलं तर? अणुस्फोटाच्या जागी मारुती बसवला की सिनेमा आपला झाला. 'झपाटलेला'चं (१९९३) तेच. अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले'मधला खुनी बाहुला आपल्याकडे आला, रामदास पाध्यांच्या हाती पडला, आणि तात्या विंचू झाला. आज मराठी घरातल्या लहान पोरालाही तात्या विंचू माहीत असतो.

हे फक्त कोठाऱ्यांपुरतं आहे असं समजू नका. आपण ज्याला अस्सल मराठी अभिजात विनोद म्हणतो ते देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ' १९१६ साली रंगभूमीवर आलं. त्याचं मूळ आर्थर मर्फीच्या 'ऑल इन द राँग' या इंग्रजी नाटकात आहे, आणि मर्फीचं मूळ मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनात. पॅरिसचा संशयी नवरा लंडनमार्गे आपल्याकडे येऊन फाल्गुनराव झाला. देवलांनी परभाषेतलं नाटक वाचून "सॉरी" म्हटलं असतं, तर आपल्याकडे फाल्गुनराव नसता.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. परभाषेतल्या सिनेमाला मनापासून हसणं हा मराठीचा घात नाही. मराठीतली कितीतरी मजा अशाच हसण्यातून जन्माला आली आहे. जो हसलाच नाही त्याला "हे आपल्यात कसं होईल?" हा प्रश्न पडत नाही. आज अल हैलमध्ये टीव्ही बंद करायला लावलेली तेरा वर्षांची मुलगी उद्या मराठीत काही करेलच असं नाही. पण करायचं असेल, तर त्याची सुरुवात तिच्या त्या हसण्यातच आहे आणि आपण तिला त्या हसण्याची लाज वाटायला लावली.

आता तुमच्या मनात जे आलं असेल ते मलाही ठाऊक आहे. "हे सगळं ठीक, पण मराठी सिनेमाला पडदा मिळत नाही, आपलेच लोक जात नाहीत, आणि तुम्ही दुसऱ्यांच्या सिनेमाची तरफदारी करता?" हा आक्षेप फालतू नाही. १९७१ साली दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात हिंदी सिनेमासाठी दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' बाजूला सारला जात होता तेव्हा त्यासाठी शिवसेनेला उभं राहावं लागलं. पडद्यासाठी भांडावं लागतं, हे खरंच आहे. पण त्याच गोष्टीचा पुढचा भाग आपण विसरतो. भांडणाने 'सोंगाड्या'ला पडदा मिळवून दिला. तो पडद्यावर टिकला लोकांच्या हसण्याने. आठवड्यामागून आठवडे रांगा लावणारी माणसं भाषेचं ऋण फेडायला येत नव्हती. त्यांना दादा हवे होते. दादांचे चित्रपट एकामागून एक रौप्यमहोत्सव करत गेले ते काही कुणाच्या उपदेशामुळे नव्हे.

आपण परदेशात नेमकं उलटं करून ठेवलं आहे. मराठी सिनेमा ही आपल्याकडे वर्गणी झाली आहे. मंडळ खेळ लावतं. निवड करताना 'दर्जेदार', 'सहकुटुंब', 'संदेश देणारा' या चाळण्यांतून सिनेमा गाळला जातो आणि बहुतेक वेळा मजा चाळणीतच राहते. मग निरोप येतो की आपल्या भाषेसाठी या. माणसं येतात, दोन तास बसतात, मध्यंतरात वडापाव खातात, आणि बाहेर पडताना म्हणतात, "छान होता, मराठी आहे ना!" हे शेवटचे तीन शब्द नीट ऐका. मराठी आहे ना. त्यात कौतुक नाही, कीव आहे. आजारी नातेवाइकाला भेटून आल्यावर आपण असं बोलतो.

माझ्या प्रयोगशाळेतला एक मल्याळी सहकारी दर गुरुवारी-शुक्रवारी सिनेमा बघतो आणि रविवारी सकाळी निकाल देतो. आपल्या भाषेचा म्हणून तो एक गुणही वाढवून देत नाही. "उत्तरार्ध वाया गेला," एवढं म्हणून तो एखादा मोठा नट निकालात काढतो. चांगला असेल तर मात्र मला हाताला धरून पाठवतो. आपण आपसात म्हणतो की हे लोक आपल्या सिनेमाला किती धरून असतात! मला त्यात धरून असण्यापेक्षा मागणं जास्त दिसतं. ते पैसे देतात आणि मजा मागतात. न मिळाली तर ओरडतात. अशा प्रेक्षकासमोर आळशी दिग्दर्शक टिकत नाही. आपण मात्र काहीही मागत नाही, फक्त हजेरी लावतो. हजेरीवर शाळा चालते, सिनेमा चालत नाही.

दुसरा आक्षेप गुंडगिरीचा : पोरांनी असले सिनेमे बघावेत का? वय बघून ठरवा, तो पालकांचा हक्कच आहे. रंगाच्या घरात दारू आहे, रक्तही आहे, आणि लहान पोरांना तो दाखवू नये असं मलाही वाटतं. पण मग हीच फूटपट्टी सगळ्यांना लावा. कवट्या महाकाळ आणि टकलू हैवान आपण कितव्या वर्षी पाहिले होते? शिवाय 'आवेशम' त्या पोरांना मोकळं सोडत नाही. गुंडाच्या सावलीत मिरवताना अभ्यास बुडतो, आणि जी सावली मागितली तिच्यातून बाहेर पडता येत नाही, हे तो हसवता हसवताच दाखवतो. त्या तिघांतल्या एकाची आई फोनवर रंगाची चौकशी करते, खुशीत आहेस ना, असं विचारते, तेव्हा त्या गुंडाचा चेहरा बघा. त्या प्रसंगालाही थिएटरात तिन्ही लाटा एकदम आल्या होत्या. फक्त आवाज नव्हता.

आणि आपण राहतो कुठे, तेही जरा बघा. भाषेचं सोवळं पाळायला अल हैलइतकी गैरसोयीची जागा नसेल. इथल्या एखाद्या ओमानी घरात आजी बलुची बोलते, शेजारचं कुटुंब झांझिबारहून परतलेलं म्हणून त्यांच्या घरात स्वाहिली असते, आणि किराणा दुकानात अरबी गिऱ्हाईक मल्याळी दुकानदाराशी हिंदीत भाव करतं. अनेक ओमानी लोकांनी ही हिंदी सिनेमे बघत बघतच उचलली आहे. त्यांचं अरबीवरचं प्रेम त्यामुळे कमी झालं, असं मी तरी कुणाला म्हणताना ऐकलं नाही. इथे चार भाषांत हसणारा माणूस हा अपवाद नाही, शेजारी आहे.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. परदेशातल्या मराठी मुलांच्या कानावर मराठी कधी पडते ते मोजून बघा. "बूट काढ." "श्लोक म्हण." "नमस्कार कर." "हे काय बघतेस?" मल्याळममध्ये ती हसते, इंग्रजीत ती मैत्रिणीशी गुपितं बोलते, आणि मराठीत ती "सॉरी" म्हणते. ज्या भाषेत फक्त ओरडा मिळतो ती भाषा अठराव्या वर्षी घर सोडताना कोण बरोबर नेईल? तो शब्दही, बघा, मराठीत नव्हताच.

मग करायचं काय? माझ्या मागण्या साध्या आहेत. मंडळाच्या पुढच्या खेळासाठी सिनेमा मुलांना निवडू द्या. 'दे दणादण' लावा, 'धडाकेबाज' लावा, शिट्ट्या वाजवायची परवानगी आधीच जाहीर करा. शेजारच्या मल्याळी, ओमानी कुटुंबांना बोलवा आणि त्यांच्यासाठी सबटायटल असलेली प्रत मिळवा, म्हणजे निदान एकदा तरी पहिली लाट आपली असेल. सिनेमा कंटाळवाणा निघाला तर मुलांना तसं मोठ्याने म्हणू द्या, मराठीत. सिनेमाला मनसोक्त नावं ठेवायला जेवढी भाषा लागते तेवढी कुठल्याच श्लोकाला लागत नाही. आणि घरात दुसऱ्या भाषेतला सिनेमा चालू असेल, तर दाराशी उभं राहून चौकशी करण्याऐवजी आत जाऊन बसा. काय चाललंय ते पोरांना मराठीत समजावून सांगू द्या.

हा शेवटचा उपाय मी करून पाहिला, उशिरा का होईना. पुढच्या शुक्रवारी मी त्याच घरी गेले, त्या मुलीशेजारी बसले आणि म्हटलं, लाव तुझा रंगा, मला परत बघायचाय. आधी तिचा विश्वास बसेना. मग दर पाच मिनिटांनी सिनेमा थांबवून ती मला सांगू लागली : "मावशी, आता बघ, हा अंबान ना, नुसता फेकतो. पण थांब, खरी गंमत पुढे आहे." अडीच तासांत ती जेवढं मराठी बोलली तेवढं मी तिच्या तोंडून वर्षभरात ऐकलं नव्हतं. मग मी तिला 'दे दणादण' दाखवला. लाल रंगाची भानगड तिला एकदम पटली. "रंगाला असं काहीतरी पाहिजे होतं," ती म्हणाली. "मजा आली असती."

काका त्या दिवशी नव्हते. ते पुढच्या वेळी येतील तेव्हा त्यांना आतल्या खोलीत बोलवायचं, असं आमचं ठरलं आहे. पाइप आणि खोकला त्यांनी बरोबर आणावा.